मामा तलावांचं खोलीकरण: गाळ किती काढायचा, कुठून काढायचा आणि कशाला हात लावायचा नाही

धानपट्टा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्व भाग मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी (मामा) तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधायला घेतलेली ही व्यवस्था. १९५०-५१ मध्ये मालगुजारी (गावाचा सारा वसूल करणारी जमीनदारी) संपली, तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून देखभालीला गावातला हक्काचा माणूस राहिला नाही. आता तलावांकडे पुन्हा लक्ष जातंय ही चांगली गोष्ट. पण निधी सरकारी असो, कंपनीचा असो की लोकवर्गणीचा, पोकलेन आलं की विचारतात एकच: "किती फूट खोल?"

हा धागा त्या प्रश्नासाठी काढतोय, कारण प्रश्नच चुकीच्या टोकाने सुरू होतो.

मामा तलावाची रचना बघा. उतारावर आडवी मातीची पाळ. पाळीजवळ पाणी सर्वांत खोल, साधारण अडीच ते चार मीटर. तिथून येव्याच्या (पाणी येतं त्या) बाजूला तळ इतका हळू चढत जातो की पाण्याची पातळी एक फूट उतरली तर काठ कित्येक मीटर मागे सरकतो. हा उथळ पट्टा पावसाळ्यात भरतो आणि दिवाळीनंतर उघडा पडायला लागतो. उघड्या चिखलाला भेगा पडतात, हवा आत जाते, कुजलेला पाला विघटित होतो. पुढच्या जून-जुलैत पाणी चढलं की तेच खत पाण्यात उतरतं, तळातलं बी रुजतं, मासे नव्याने बुडालेल्या गवतात अंडी घालायला येतात. तलावातली वनस्पती, मासे, पक्षी, गुरांचा चारा यातलं बहुतेक सगळं या पट्ट्यावर उभं आहे. मशीनवाला त्यालाच "भरलेला भाग" म्हणतो आणि तिथूनच सुरुवात करतो, कारण तो आधी सुकतो आणि ट्रॅक्टर तिथे सहज जातो.

काठ सरळ कापला की उरतं ते मोठं शेततळं. पाणी दिसतं, तलावाचा बाकी संसार संपलेला असतो.

जाणकारांनी आपापल्या बाजूने भर घालावी. गाळ, वनस्पती, मासे, कायदा, सगळंच हवं आहे.

---

सलंग

धाग्याबद्दल आभार. बांधकामाच्या बाजूने लिहितो.

काम सुरू करण्याआधी तीन पातळ्या मोजून घ्याव्यात: पाळीचा माथा, सलंगेचा (सांडव्याचा) माथा आणि तुडुमाचा तळ. तुडुम म्हणजे शेताकडे पाणी सोडायची पाळीतली मोरी. साधी पाणनळी घेऊन दोन माणसं अर्ध्या दिवसात हे मोजतात. या तीन आकड्यांशिवाय खोलीकरणाचं अंदाजपत्रक म्हणजे नुसता कागद.

कारण असं, की तुडुमाच्या तळाखाली जेवढं खणाल ते सगळं मृतसाठ्यात जातं. तिथलं पाणी पाटाने शेतात जाणारच नाही, पंप लावावा लागेल. गुरांना आणि माशांना उन्हाळ्यात मृतसाठा हवाच, पण "दोन मीटर खोल केलं म्हणजे सिंचन दुप्पट झालं" असं सांगितलं जात असेल तर ती लोकांची फसगत आहे.

आता काय बिघडतं ते.

पाळीच्या पायथ्याला लागून खणू नये. निदान दहा मीटर तरी सोडा, पाळ उंच असेल तर जास्त. पायथ्याचा गाळ पाळीला आधार देतो आणि पाझरही रोखतो. तो काढला की पाणी उतरताना आतल्या बाजूची ओली माती घसरते. अशा घसरणी भर पावसात फार होत नाहीत, पाणी झपाट्याने सोडलं की होतात.

तळाचं चिकण फोडू नये. जुन्या तलावात वर मऊ काळा गाळ, त्याखाली घट्ट चिकणमातीचा थर आणि त्याखाली मुरूम किंवा कुजलेला खडक असतो. ते चिकण म्हणजे तलावाचा तळ. मशीन मुरमापर्यंत गेलं तर पाणी झिरपून जातं आणि "गाळ काढल्यापासून तलाव टिकत नाही" अशी तक्रार पुढच्या वर्षी हमखास येते. त्यासाठी आधी एक मीटर लांब-रुंद असे दहाबारा परीक्षा-खड्डे वेगवेगळ्या जागी घ्या. मऊ गाळ किती, चिकण कुठे लागलं हे लिहून ठेवा. खोदाई चिकणाच्या वर निदान एक फूट गाळ राखून थांबवायची.

सलंगेची उंची वाढवू नये. गावात हा मोह फार असतो: फूटभर काँक्रीट टाकलं की तेवढं पाणी जास्त. पण त्याने वरच्या लोकांच्या बांध्या (धानाची शेतं) बुडतात आणि पुराची पातळी पाळीच्या माथ्याजवळ येते. कमाल पुराच्या वेळी पाण्याच्या वर पाळ निदान एक मीटर उरलीच पाहिजे. मातीच्या पाळीवरून एकदा पाणी वाहिलं की ती काही तासांत जाते.

---

नवेगावकर

आमच्या बाजूच्या एका तलावाचा प्रस्ताव ग्रामसभेत येतोय. पसारा १० हेक्टर, "संपूर्ण तलाव २ मीटर खोल" असं लिहिलंय. विरोध केला की लोक म्हणतात, विकासाला आडवा येतो. आकड्यांत कसं मांडावं?

---

सलंग

@नवेगावकर, फक्त गुणाकार करून दाखवा.

१० हेक्टर म्हणजे १ लाख चौरस मीटर. गुणिले २ मीटर, म्हणजे २ लाख घनमीटर. एक ब्रास २.८३ घनमीटर. म्हणजे सुमारे ७०,६०० ब्रास. ट्रॉलीत एक ब्रास धरला तर सत्तर हजारांवर खेपा. तलाव सुकून ट्रॅक्टर आत जाण्याजोगा व्हायला मार्च उजाडतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात काम बंद. हातात साधारण ६० ते ७० दिवस. रोज हजार खेपा मारल्या तरच हे जमेल. एका तलावावर ते होत नाही.

मग प्रत्यक्षात होतं काय? चार-पाच ठिकाणी खोल खड्डे पडतात आणि बिल घनमीटरवर निघतं. असे खड्डे सर्वांत वाईट. उन्हाळ्यात मासे त्यात अडकतात, तळ समतल नसल्यामुळे ओढजाळं चालत नाही, आणि सरळ कापलेल्या कडेवरून गुरं आणि पोरं पाण्यात जातात.

पर्याय असा मांडा: पाळीपासून दहा मीटर सोडून पुढचा सुमारे २ हेक्टरचा खोल पट्टा, त्यातून सरासरी ६० सेंटिमीटर. म्हणजे १२,००० घनमीटर, ४,२४० ब्रास. रोज ७० खेपांनी ६० दिवसांत होतं. वरच्या ८ हेक्टरला मशीन लावायचं नाही. नव्या खोल भागाची येव्याकडची बाजू उभी कापायची नाही. एकास आठ किंवा त्याहून मंद उतार ठेवा, म्हणजे एक मीटर खोली गाठायला आठ मीटर अंतर. अंदाजपत्रकात "उतार १:८" हे शब्द आले पाहिजेत. तोंडी सांगितलेला उतार मशीनवाला देत नाही.

गाळाचं वाटपही त्याच सभेत ठरवा. हलक्या जमिनीत एक इंच थर द्यायला एकरी ३६ ब्रास लागतो. म्हणजे या गाळात साधारण ११८ एकर भागतात. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून आहे आणि तिचा उद्देशच गाळ शेतात नेणं हा आहे. काढलेला गाळ पाळीवर किंवा काठावर रचून ठेवला तर पहिल्या दोन पावसांत परत आत येतो. सर्रास दिसणारी चूक.

---

बांधीवाला

सगळं मान्य, पण शेतकऱ्याची बाजूही बघा. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस दडी मारतो, धान निसवायला (लोंबी बाहेर पडायला) आलेला असतो आणि तेव्हा एक पाणी मिळालं नाही तर दाणा भरत नाही, पळंज जाते. तलाव गाळाने भरलेले आहेत हे खोटं नाही. पक्षी आणि कमळं राखायची म्हणून पाणी कमी साठवायचं का?

---

धानपट्टा

@बांधीवाला दादा, प्रश्न रास्त आहे. हिशेबाने बघू.

एका एकराला ५ सेंटिमीटरचं एक पाणी म्हणजे सुमारे २०० घनमीटर. १० हेक्टरच्या तलावात सरासरी १.२ मीटर पाणी धरलं तर साठा १ लाख २० हजार घनमीटर. निम्मं निस्तारासाठी (गावाच्या रोजच्या वापरासाठी), गुरांसाठी आणि माशांसाठी ठेवलं तर ६० हजार घनमीटर उरतं. पाटातली गळती एक तृतीयांश धरली तरी जवळजवळ २०० एकरांना निसवणीचं एक पाणी मिळतं. हे आजच्या तलावातून.

मग ते शेतात का पोचत नाही? बहुतेक ठिकाणी तुडुम गळतं, पाट बुजलेले असतात आणि कुणाला कधी पाणी सोडायचं हे ठरलेलं नसतं. गळकं तुडुम ऑगस्टपासून रात्रंदिवस पाणी सोडत राहतं आणि सप्टेंबरच्या शेवटी नेमका तलाव रिकामा. म्हणून खर्चाचा क्रम असा हवा: आधी तुडुम, मग पाट, मग सलंग, मग येव्याच्या नाल्यांची सफाई, सर्वांत शेवटी गाळ.

जमिनीत मुरणाऱ्या पाण्याचाही हिशेब आहे. भूजलाच्या शासकीय आकडेमोडीत तलावाखालून दिवसाला १.४ मिलिमीटर पाझर धरतात. १० हेक्टर पसाऱ्याला तो १४० घनमीटर होतो. आठ महिन्यांत ३३,६०० घनमीटर, म्हणजे ३ कोटी ३६ लाख लिटर. खालच्या बाजूच्या विहिरी यावर जगतात. हा आकडा पसाऱ्यावर चालतो, खोलीवर चालत नाही. पसारा आक्रसून तलाव खोल केला तर हा हिस्सा कमी होतो.

---

पाणफुटी

वनस्पतींबद्दल लिहिते. काठ राखला पण त्यावर बेशरम (झपाट्याने पसरणारं झुडूप) माजली असेल तर राखून उपयोग नाही.

बेशरमीला गुरं तोंड लावत नाहीत. शेळ्यांनी चारा नसताना फार दिवस खाल्ली तर विषबाधा होऊन लटपटायला लागतात. कापली तर दुपटीने फुटते. खोडाचा वीतभर तुकडा ओल्या चिखलात पडला तरी मुळं धरतो, म्हणून मशीनने चिरडून तिथेच टाकणं म्हणजे लागवड करण्यासारखं आहे. काढायची पद्धत:

पाणी उतरून माती ओलसर असताना, साधारण एप्रिल-मेमध्ये, कुदळीने मुळासकट उपटायची. माती दगडासारखी वाळली की खोड वरून तुटतं आणि मूळ आत राहतं, त्यामुळे वेळ साधणं महत्त्वाचं. उपटलेली झाडं तलावाच्या पोटात ठेवायची नाहीत. पाळीपलीकडे कोरड्या जागी मुळं वर करून उन्हात पसरायची, कडक वाळल्यावरच जाळायची. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा फेरी मारायची, कारण राहिलेल्या तुकड्यांचे कोंब तेव्हा दिसतात आणि हाताने निघतात. सलग तीन वर्षं हे केलं तरच जागा मोकळी होते. एका वर्षाच्या निधीत बेशरम निर्मूलन लिहिणारे प्रस्ताव इथेच फसतात.

जलपर्णीचा प्रकार वेगळा. ती आली म्हणजे सांडपाणी येतंय. चंद्रपूरच्या रामाळा तलावात हेच दिसलं होतं. अनुकूल पाण्यात तिचा पसारा दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो आणि बी तळात कित्येक वर्षं जिवंत राहतं. वारा तिला एका काठाला ढकलतो. त्याचा फायदा घ्या: बांबू आणि दोरीचा तरंगता अडसर टाकून ती तिथेच कोंडा आणि फुलं यायच्या आत ओढून काढा. वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं, म्हणून काठावर आठवडाभर वाळवून मगच वाहून न्या, नाहीतर ट्रॅक्टरचं डिझेल पाणी वाहण्यात जातं. आणि सांडपाणी बंद न करता नुसती काढत राहिलात तर खर्च दरवर्षीचा.

मोकळ्या झालेल्या जागेत स्थानिक वनस्पती लावाव्या लागतात. नाहीतर तीच बेशरम किंवा पाणकणीस परत येतं. खोलीप्रमाणे:

हातभर पाण्यापर्यंत लव्हाळे, देवधान, गड्डे धरणारी मोथ्याच्या कुळातली गवतं. हात-दीड हात पाण्यात कुमुदिनी, छोटी कमळं. अर्धा ते दीड मीटर पाण्यात बुडून वाढणाऱ्या: हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम.

रोपं त्याच परिसरातल्या चांगल्या तलावातून घ्या. मत्स्यालयाच्या दुकानातून कधीच आणू नका, परक्या वनस्पती तिथूनच शिरतात. गड्डे किंवा मुळांसह चिखलाचा गोळा गोणपाटात गुंडाळून ओला ठेवायचा आणि त्याच दिवशी लावायचा. उन्हाळ्यात जागेची हलकी नांगरट, पहिलं पाणी चढायला लागलं की लागवड, दोन-दोन हातांवर एक पुंजका. सेराटोफायलमला मुळं नसतात, ते नुसतं सोडलं तरी चालतं. पहिल्या वर्षी बांबू-जाळीचं कुंपण हवंच, गुरांसाठीही आणि माशांसाठीही. तलावातल्या प्रत्येक जागेत लावत बसायची गरज नाही. पाच-सहा ठिकाणी पट्टे जमले की पुढचं पाणी करतं.

---

मरळ

पाणफुटीताई, "माशांसाठीही" म्हणालात तिथून पुढे लिहितो, कारण लागवड फसण्याचं मोठं कारण मत्स्यबीज आहे.

गवत्या (ग्रास कार्प) बुडालेल्या वनस्पतीच खातो. एका मोसमात हायड्रिलाचे पट्टे साफ करतो. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरत चरतो, त्याने पाणी सतत गढूळ राहतं, उजेड खाली जात नाही आणि उरलेली वनस्पती मरते. हे दोन मासे तलावात सोडायचे आणि त्याच तलावात वनस्पती लावायच्या, दोन्ही एकाच वेळी होत नाही. थाई मागूर तर देशात २००० पासून बंदी असलेला मासा आहे. तो कुठल्याही कारणाने नको. देशी मासे आणि त्यांची पिल्लं खाऊन टाकतो.

कटला, रोहू, मृगळ यांना अंडी घालायला वाहतं पाणी लागतं, साठलेल्या तलावात त्यांची वीण होत नाही. म्हणून दरवर्षी बोटुकली (माशांची वाढलेली पिल्लं) विकत घ्यावी लागते. मरळ, मागूर, शिंगी यांचं तसं नाही, ते तलावातच वाढतात. मरळीचं बघा: पावसाळ्याच्या तोंडावर नर-मादी उथळ पाण्यातल्या गवतात हातभर रुंदीची जागा तोंडाने आणि शेपटीने मोकळी करतात. अंडी तेलकट असतात, पाण्यावर तरंगतात. जोडी खाली राखणीला असते. पिल्लं लालसर-नारिंगी, झुंडीने फिरतात, आणि झुंड श्वासाला वर आली की पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखं दिसतं. हे सगळं घडतं गुडघाभर पाण्यात. तो काठ कापला तर मरळीचं बी कितीही विकत आणून सोडा, तलावात तिची पुढची पिढी होत नाही.

मच्छीमार संस्थांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. कार्प पूर्ण बंद करायचे नसतील तर ते खोल भागाला पुरतील एवढेच सोडा, पूर्ण पसाऱ्याच्या हिशेबाने सोडू नका. बोटुकली हाताच्या बोटाएवढी असावी. मत्स्यजिरे (अगदी बारीक पिल्लं) स्वस्त पडतात, पण मरळ असलेल्या तलावात टिकत नाहीत. आणि काठाचा एक हिस्सा जून ते ऑगस्ट जाळ्यांसाठी बंद ठेवा. बांबू रोवून हद्द दाखवली की वाद होत नाहीत. ढिवर समाजातल्या जुन्या लोकांना विणीच्या जागा नेमक्या माहीत असतात. कुठला हिस्सा बंद ठेवायचा ते त्यांनाच ठरवू द्या.

ठेक्याची मुदत जितकी कमी, तितकी तलावाची लूट जास्त. एका वर्षात पैसे वसूल करायचे म्हटल्यावर वनस्पती कोण राखेल?

---

शेकाट्या

पक्ष्यांकडून थोडक्यात, कारण मूळ मुद्दा तोच आहे. चिखलात चरणारे तुतवार, शेकाटे यांना वीतभर पाणी लागतं. तलवार बदक, चक्रांग ही मान बुडवून चरणारी बदकं हात-दीड हात पाण्यापर्यंत पोचतात. कमळपक्ष्याचं घरटं तरंगत्या पानांवर. मीटरभराच्या पुढच्या पाण्यात उपयोग फक्त बुडी मारणाऱ्यांना: पाणकावळे, टिबुकल्या, लालसरीसारखी बदकं. खोल आणि सरळ काठाचा तलाव म्हणजे पाणकावळ्यांचा तलाव.

गोंदियात आणि शेजारच्या बालाघाटात सारस आहेत. घरटं पावसाळ्यात, उथळ पाण्यात किंवा थेट धानाच्या बांधीत, बहुधा दोन अंडी, महिनाभराची उबवण. बांधीतलं घरटं वाचवायला त्या शेतकऱ्याची घरट्यापुरती भरपाई आणि तेवढ्या भागात फवारणी बंद, एवढं सहसा पुरतं.

नोंद ठेवायची असेल तर जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना आहे, भारतात १९८७ पासून चालते. दरवर्षी तीच जागा, सकाळची तीच वेळ, तेवढाच वेळ. जागा बदलली की आकडे तुलनेच्या कामाचे राहत नाहीत.

---

वाजिबउलअर्ज

कायद्याची बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. इथे गफलत फार आहे.

महाराष्ट्रात रामसर स्थळं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा) तीन: नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी. त्यांत एकही मामा तलाव नाही. म्हणून "आमचा तलाव रामसरमध्ये नाही, मग काही करता येत नाही" असं समजू नका.

केंद्राचे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम २०१७ चे आहेत, २०१० च्या नियमांच्या जागी आलेले. नियम ४ मध्ये अतिक्रमण, पाणथळ जागेचा इतर कामासाठी वापर, घनकचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं, आणि मागच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम यांना मनाई आहे. बोटीच्या धक्क्याचा अपवाद.

मेख व्याख्येत आहे. २०१७ च्या व्याख्येतून भातखाचरं आणि खास पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी वगैरे बांधलेले मानवनिर्मित जलसाठे वगळलेत. अधिकारी लगेच म्हणतात, मामा तलाव सिंचनाचा, विषय संपला. तो संपत नाही. दोन कारणं.

पहिलं, सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहातल्या सव्वादोन हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना २०१० च्या नियम ४ च्या तत्त्वांचं संरक्षण दिलं. त्या नकाशासंग्रहात मानवनिर्मित तलावही आहेत. पुढे नवा नकाशासंग्रह झाला, आकडा २,३१,१९५ झाला, आणि ११ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने राज्यांना जागेवर जाऊन पडताळणी आणि सीमांकन करायला सांगितलं. तुमचा तलाव त्या यादीत आहे का हे आधी बघा.

दुसरं, "खास सिंचनासाठी" हे शब्द मामा तलावाला लागू पडतात का? हे तलाव गुरांचं पाणी, अंघोळ-धुणं, मासे, कमळ, शिंगाडा, सगळ्यासाठी वापरात होते, आणि त्याचा सरकारी पुरावा आहे. विदर्भात गावाचं निस्तारपत्रक (सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज असतं. वाजिब-उल-अर्जात सिंचनाच्या आणि मासेमारीच्या रूढी नोंदलेल्या असतात. नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागा. ग्रामसभेच्या ठरावाला हे जोडलं की तलाव "फक्त सिंचनाचा" हे म्हणणं लंगडं पडतं.

कागद गोळा करायचा क्रम: तलावाचे सर्व गट क्रमांक आणि सातबारा, भूमी अभिलेखचा गावनकाशा, गाव नमुना १-ई (अतिक्रमणांची नोंद), निस्तारपत्रक, वाजिब-उल-अर्ज. मग उपग्रह चित्रांत ऑक्टोबर-नोव्हेंबरचा भरलेला पसारा वेगवेगळ्या वर्षांचा काढून नकाशावर ठेवा. बुडीत क्षेत्रातलं अतिक्रमण मे महिन्याच्या चित्रात बांध्यांच्या चौकटींसारखं स्पष्ट दिसतं. मोजणी मात्र पाणी भरलेलं असताना मागा. उन्हाळ्यातल्या मोजणीत काठ कुठे यावर कायम भांडण.

---

नवेगावकर

हे सगळं छापून ग्रामसभेला नेतो. एक राहिलं: प्रस्तावात सुशोभीकरणही आहे. पाळीच्या आतून दगडी भिंत, वर चालण्याचा रस्ता, काठाला कारंजं.

---

पाणफुटी

पाळीच्या आतल्या उतारावर सुटा दगड लावणं (पिचिंग) चालतं, लाटांपासून पाळ वाचते. पण इतर तीन काठांना भिंत नको. भिंतीने उथळ पट्टा तुटतो, बेडूक, कासवं यांना वर येता येत नाही आणि येव्याचं पाणी अडतं. चालण्याचा रस्ता पाळीच्या माथ्यावर मुरमाचा करा. कारंज्याचे पैसे गावच्या सांडपाण्याच्या नालीवर खर्च करा: घराघरात शोषखड्डे आणि नाली तलावाला मिळते तिथे आधी गाळ बसायची टाकी, मग लव्हाळ्यांचा उथळ पट्टा.

पाणी सुधारतंय की नाही हे बघायला महाग यंत्र लागत नाही. २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीने सोडा, दिसेनाशी होते ती खोली दर महिन्याला लिहा. विरघळलेला प्राणवायू पहाटे मोजा, दुपारी मोजला तर आकडा नेहमी चांगलाच येतो. पहाटे लिटरला ३-४ मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले, तर सेंद्रिय घाण जास्त झाली आहे.

---

सलंग

आणि पाळीवरची झाडं. मोठी, जुनी झाडं तोडायचा ठेका कोणी मागत असेल तर देऊ नका. झाड तोडलं की मुळं पाळीत कुजतात आणि तिथे नळीसारखी पोकळी तयार होते. पाणी तीच वाट धरतं. नवी झाडं मात्र पाळीवर लावू नका, पायथ्यापासून लांब लावा. खेकड्यांची आणि उंदरांची बिळं मे महिन्यात उकरून, ओली चिकणमाती थरथराने ठोकून बुजवा. वरून माती लोटून भागत नाही.

यंदा गाळ काढला असेल तर पहिला पावसाळा पाळीच्या बाहेरच्या बाजूने रोज फेरी हवी, विशेषतः तुडुमाच्या आसपास. पायथ्याला थोडं नितळ पाणी पाझरत असेल तर खूण करून लक्ष ठेवा, ते नेहमीचं आहे. पाझर गढूळ झाला किंवा अचानक वाढला तर आतली माती वाहून जातेय. तेव्हा बाहेरून भोकात चिखल कोंबायचा नाही, पाणी दुसरीकडून फुटतं. त्या जागेवर आधी जाड वाळू, मग गिट्टी, मग दगड असा ढीग घालायचा, म्हणजे पाणी निघतं पण माती अडते. तुडुम शाबूत असेल तर ते उघडून पातळी हळूहळू उतरवायची, खालच्या वस्तीला आणि पाटबंधारेवाल्यांना लगेच कळवायचं. वाळू आणि गिट्टीचा एक-एक ब्रास जूनच्या आधीच पाळीजवळ टाकून ठेवा. भर पावसात तिथपर्यंत ट्रॅक्टर जात नाही.